हॅमची हाक : हौशी रेडिओ सेवेचा इतिहास, सोलापूरकडून पाहताना

संस्थेचा इतिहास लिहायला बसले की स्थापनेची तारीख, पहिले अध्यक्ष आणि स्वतःची इमारत या तीन गोष्टींनी सुरुवात करण्याची आपल्याकडे रीत आहे. हौशी रेडिओच्या बाबतीत तारीख हाती लागते. १५ मे १९४८ रोजी महू येथे लष्कराच्या सिग्नल स्कूलमध्ये ‘अ‍ॅमॅच्युअर रेडिओ क्लब ऑफ इंडिया’ सुरू झाला. पुढे मुख्यालय दिल्लीला गेले आणि १५ मे १९५४ पासून त्याचे नाव ‘अ‍ॅमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया’ झाले. इमारतीपाशी मात्र गाडी अडते. या संस्थेचे काम सभासदांच्या माळ्यावर, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत, नाहीतर घरातल्या एखाद्या अडगळीच्या कोपऱ्यात चालते. तिथे एक संच असतो, एक बॅटरी असते आणि खिडकीतून बाहेर गेलेली तार असते. त्या जागेला सभासद ‘शॅक’ म्हणतात आणि स्वतःला ‘हॅम’.

सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरच्या कुंभारीत ही स्मरणिका उघडणाऱ्याला महू लांबचे आणि किल्लारी जवळची. म्हणून या लेखातला मोठा वाटा १९९३ च्या किल्लारी भूकंपाला दिला आहे. बाकीची वर्षे त्या मानाने झटपट उरकली आहेत आणि त्याबद्दल दिल्लीकर सभासदांनी राग मानू नये.

पोलिसांत जमा

आपल्या देशातला पहिला हॅम बंगालचा. अमरेंद्रचंद्र गुप्तू यांनी १९२१ मध्ये ‘२ जेके’ या खुणेने केंद्र सुरू केले. त्याच वर्षी मुकुल बोस यांचे ‘२ एचक्यू’ आले आणि बोलायला दुसरा माणूस मिळाला. मुंबईत १९२३ मध्ये बॉम्बे प्रेसिडेन्सी रेडिओ क्लब निघाला. १९२९ पासून भारतातल्या केंद्रांच्या कॉलसाइनला, म्हणजे ओळखखुणेला, ‘व्हीयू’ ही अक्षरे लागली, ती आजही तशीच आहेत. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सगळ्या हिंदुस्थानात मिळून पन्नासही परवानेधारक नव्हते आणि त्यातले बरेचसे इंग्रज लष्करी अधिकारी.

पन्नास माणसांची ही हौस सरकारला कधी निरुपद्रवी वाटली नाही. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने परवान्याशिवाय बिनतारी संच नुसता घरात ठेवणेही गुन्हा ठरवले. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच नवे परवाने थांबले आणि जुन्या परवानेधारकांना प्रक्षेपक पोलिसांकडे जमा करण्याचे लेखी हुकूम गेले. या सेवेचा इतिहास चाळताना हेच पुन्हा पुन्हा दिसते. एकाच माणसाकडे सरकार एका वर्षी संशयाने पाहते आणि दुसऱ्या वर्षी त्याला गाडी पाठवून बोलावून घेते.

संशयाला अगदीच आधार नव्हता असेही नाही. १९४२ च्या ऑगस्टमध्ये नेते तुरुंगात गेल्यावर मुंबईत उषा मेहता, विठ्ठलभाई झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई खाकर या तरुण मंडळींनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. प्रक्षेपक बांधून देणारे नरिमन प्रिंटर हे जुने हॅम होते. ‘व्हीयू२एफयू’ ही त्यांची कॉलसाइन. शिकागो रेडिओचे नानक मोटवाने यांनी सामग्रीची मदत केली. पोलिसांच्या गाड्या लहरींचा माग काढत फिरत होत्या, म्हणून केंद्राची जागा सतत बदलावी लागे. १२ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री महालक्ष्मीजवळच्या पॅराडाइज बंगल्यात केंद्र पकडले गेले. त्याआधी प्रिंटर पोलिसांच्या हाती लागले होते आणि ठावठिकाणा त्यांच्याकडूनच कळला. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. हॅम मंडळींच्या भाषणांत प्रिंटर यांच्या गोष्टीचा पहिला अर्धा भाग आवर्जून सांगितला जातो, दुसरा गाळला जातो. स्मरणिकेत दोन्ही असावेत असे मला वाटते. ज्याला यंत्र कळते तो माणूस म्हणूनही पक्का असतोच असे नाही आणि ही गोष्ट पुढे आपत्तीच्या कामातही लागू पडते.

भंगारातून उभे राहिलेले केंद्र

स्वातंत्र्यानंतर परवाने पुन्हा मिळू लागले, पण १९४८ मध्ये देशभरात जेमतेम पन्नास हॅम होते आणि त्यातले डझनभरच हवेवर बोलत. पुढची पस्तीस वर्षे वाढ अगदी सावकाश झाली. परदेशी संचावर जबर आयात शुल्क होते, परकीय चलन मिळत नव्हते. मग लष्कराने युद्धानंतर विकून टाकलेले संच मुंबईच्या चोरबाजारात शोधायचे, लॅमिंग्टन रोडवरून व्हॉल्व्ह आणि कंडेन्सर आणायचे, ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळायचा, असा शिरस्ता पडला. त्या पिढीला संच विकत घेणे परवडत नव्हते म्हणून संच दुरुस्त करणे आले. किल्लारीसारख्या ठिकाणी, जिथे सुटा भाग मिळणार नाही आणि मेकॅनिकही येणार नाही, तिथे हे शिक्षण किती कामाचे ठरते हे वेगळे सांगायला नको.

या काळातले टप्पे थोडक्यात असे. १९५९ मध्ये बंगळूरचा हौशी रेडिओ क्लब निघाला, तो आजही देशातल्या सर्वांत जागत्या क्लबांपैकी आहे. १९७८ मध्ये हौशी सेवेचे स्वतंत्र नियम झाले. १९८३ मध्ये एस. सुरी यांनी हैदराबादला नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅमॅच्युअर रेडिओ स्थापन केली आणि शिकवणे, परीक्षेला बसवणे, आपत्तीत तुकडी पाठवणे ही कामे पद्धतशीर सुरू झाली. १९८४ मध्ये बिनतारी संचावरचे आयात शुल्क माफ झाले. त्या वर्षाअखेरीस पंतप्रधान झालेले राजीव गांधी स्वतः ‘व्हीयू२आरजी’ होते, हे या सवलतीमागचे कारण सगळे हॅम हसत हसत सांगतात. शुल्क माफ झाले, तरी गृहखात्याची चौकशी माफ झाली नाही. परीक्षा पास झालेला मुलगा परवाना हातात पडेपर्यंत कॉलेज सोडून नोकरीला लागलेला असे.

परवान्याच्या अटीही वाचण्यासारख्या आहेत. हॅमने हॅमशीच बोलायचे. धंद्याचे बोलायचे नाही, पैसे घ्यायचे नाहीत, गाणी लावायची नाहीत, सांकेतिक लिपीत काही पाठवायचे नाही. दर वेळी आपली कॉलसाइन सांगायची. तिसऱ्या माणसाचा निरोप पोचवायचा नाही. नेहमीची यंत्रणा आपत्तीत कोसळली तर ही शेवटची अट सैल होते. म्हणजे एरवी ज्या कामाला मनाई, तेच काम सर्वांत वाईट दिवशी सरकार त्याच्याकडून मागते. आंतरराष्ट्रीय नियमांतही २००३ च्या जिनिव्हा परिषदेत ही सवलत स्पष्ट शब्दांत लिहिली गेली.

किल्लारी

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली. गणपती विसर्जन करून, उशिरा जेवून लोक झोपलेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांची सीमा हादरली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, पेठसांगवी, होळी. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे माळवद, अशी घरे झोपलेल्या माणसांवर बसली. सरकारी नोंदीत मृतांचा आकडा ७,९२८ आहे आणि ५२ गावे पुढे नव्या जागी वसवावी लागली. कुंभारीपासून किल्लारी सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे. सोलापुरातही भांडी वाजली, लोक रस्त्यावर आले, आणि दिवस वर येईपर्यंत जखमींना सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलकडे आणणे सुरू झाले.

१९९३ मधली दळणवळणाची स्थिती आज तिशीतल्या माणसाला सांगूनही पटत नाही. मोबाइल देशात यायला अजून दोन वर्षे होती. गावात फोन असला तर ग्रामपंचायतीत किंवा पोस्टात एखादा, आणि तोही तालुक्याच्या एक्सचेंजवरून ट्रंक लावून. खांब पडला की गाव मुके. पोलिसांचे बिनतारी जाळे होते, पण त्यावर बंदोबस्त, मंत्र्यांचे दौरे, लष्कराची हालचाल असा सगळा भार एकाच वेळी आला. त्यात पाऊस. आणि त्यात बघे. भूकंप पाहायला निघालेल्या गाड्यांनी रस्ते तुंबले, हे त्या दिवसांचे लाजिरवाणे सत्य आहे.

हैदराबादच्या संस्थेचे हॅम आणि मुंबई-पुण्याकडचे हॅम संच घेऊन भूकंपग्रस्त भागात आले. हैदराबादहून येणाऱ्याला सोलापूरचाच महामार्ग धरून उमरग्यापर्यंत यायचे होते. त्यांच्याबरोबर काय असते ते सांगतो, म्हणजे कामाचा अंदाज येईल. बारा व्होल्टवर चालणारा संच. मोटारीची बॅटरी, आणि ती चार्ज करायला कोणाची तरी जीप किंवा जनरेटर. वीसेक मीटर तांब्याची तार, मध्यावर तोडून दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर पसरायची. तिला म्हणायचे डायपोल. दोन बांबू, दोरी, पक्कड, सोल्डर. वही, पेन्सिल, घड्याळ. पेनपेक्षा पेन्सिल, कारण पावसात शाई पसरते.

आता थोडे शास्त्र, कारण हे काम कसे चालते हे न सांगता नुसती वाहवा करण्यात अर्थ नाही. हातात धरायचा छोटा व्हीएचएफ संच समोर दिसेल तिथवर बोलतो. सपाट माळावर काही किलोमीटर, उंच अँटेना मिळाली तर आणखी थोडे. गावातून शेजारच्या गावाशी बोलायला तो पुरतो. पण किल्लारीहून हैदराबाद दोनशे किलोमीटर आणि मुंबई चारशे. तिथे सात मेगाहर्ट्झची, म्हणजे चाळीस मीटरची पट्टी कामाला येते. अँटेना मुद्दाम फार उंच न बांधता जमिनीपासून चार-पाच मीटरवर ताणली की लहरी जवळजवळ सरळ वर जातात, आयनांबराला लागून परततात आणि भोवतालच्या तीन-चारशे किलोमीटरच्या टापूवर पसरतात. डोंगर आड येत नाही, कारण वाट वरून आहे. रात्री आयनांबर विरळ होते आणि हीच पट्टी जवळच्याला सोडून लांबच्याला ऐकू जाऊ लागते. मग साडेतीन मेगाहर्ट्झवर उतरायचे, त्यासाठी दुप्पट लांब तार लागते. अंधार पडताना तार बदलायचे भान ज्याला नाही त्याचे केंद्र नेमके रात्री बहिरे होते. हे भान पुस्तकातून येत नाही. वर्षानुवर्षे रोज संध्याकाळी ‘आज जबलपूर कसं ऐकू येतंय, विजापूर कुठे गेलं’ असल्या बिनकामाच्या गप्पा मारून ते येते.

माझे म्हणणे एवढेच आहे की आपत्तीतला हॅम या रिकाम्या गप्पांतून तयार होतो. सरकारी आराखड्यांत त्याचा उल्लेख नेहमी ‘पर्यायी संपर्क साधन’ असा येतो, जणू कपाटात ठेवलेला संच गरजेच्या दिवशी काढायचा. संच कपाटात ठेवता येतो. माणूस ठेवता येत नाही.

निरोपाचीही शिस्त असते. प्रत्येक निरोपाला क्रमांक, वेळ, कोणाकडून, कोणाला. मधला माणूस मजकुरात स्वतःचे काही घालत नाही, सुधारत नाही, थोडक्यात सांगत नाही. सगळी केंद्रे एका वारंवारतेवर असतात आणि एक जण ‘नेट कंट्रोल’ होतो. तो ज्याचे नाव घेईल त्यानेच बोलायचे. कोणाकडे जिवाशी खेळ असलेला निरोप असेल तर त्याने ‘ब्रेक, ब्रेक’ म्हणायचे आणि बाकीच्यांनी त्या क्षणी गप्प बसायचे. नाव अक्षरे फोडून सांगायचे. किल्लारी भागात हे किती आवश्यक होते त्याचे एकच उदाहरण पुरे. भूकंपग्रस्त गावांच्या यादीत जोगन चिंचोली आहे आणि रेबे चिंचोलीही आहे, एक लातूर जिल्ह्यात तर दुसरे उस्मानाबादेत. तेलुगू मातृभाषा असलेल्या हॅमने इंग्रजीत नुसते ‘चिंचोली’ म्हटले तर तंबूंचा ट्रक भलत्याच जिल्ह्यात जातो. शेजारी बसून नावे उच्चारून दाखवणारा गावातला एखादा शिक्षक किंवा तलाठी अशा वेळी संचाइतकाच मोलाचा असतो.

हॅम केंद्रावरून जाणारे निरोप ऐकायला मुळीच थरारक नसतात. अमुक गावाला धनुर्वाताची लस, तमुक ठिकाणी क्लोरिनची पावडर, इथे डॉक्टर चार झाले आता शेजारी पाठवा, ब्रेडचे ट्रक नकोत, ताडपत्री पाहिजे. आणि त्यांच्यामागे न संपणारी रांग, मुंबईत गिरणीत किंवा पुण्यात कामाला असलेल्यांची : ‘आमची माणसं आहेत का?’ या प्रश्नाचे उत्तर हवेवर देताना सगळे हॅम ऐकत असतात, कारण सेवा उघड आहे, गुप्त काहीच नाही. मृत्यूची बातमी नाव घेऊन हवेवर सांगू नये, ती प्रशासनामार्फत जावी, असा संकेत म्हणूनच पडला आहे.

किल्लारीनंतर राज्य सरकारने जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसन हाती घेतले आणि त्याच ओघात जिल्हावार आपत्ती व्यवस्थापनाचे आराखडे तयार झाले. जिल्हाधिकारी कार्यालयांत नियंत्रण कक्ष आले आणि हॅम रेडिओ हे दोन शब्द सरकारी कागदावर उमटले. १९३९ मध्ये ज्याच्याकडून संच काढून घेतला होता त्याच जमातीचे नाव आता जिल्ह्याच्या यादीत दूरध्वनी क्रमांकासह आले. दूरध्वनी क्रमांकासह, हे विशेष. दूरध्वनी बंद पडल्यावर ज्याला बोलवायचे त्याला बोलवायला दूरध्वनी.

भूज, अंदमान आणि आकाशातली दोन केंद्रे

२६ जानेवारी २००१ रोजी भूज हादरले आणि महाराष्ट्रातले हॅमही कच्छकडे निघाले. किल्लारीचा अनुभव असलेली माणसे तेव्हा उपलब्ध होती, हा फरक महत्त्वाचा होता. अशा कामात पहिल्या फेरीत गेलेला माणूस बहुतेक वेळा स्वतःच मदतीचा गरजू होऊन बसतो. अंथरूण, पाणी, औषध, तीन दिवसांचा शिधा आपला आपण नेलेला नसेल तर तो तिथल्या तुटपुंज्या अन्नाला आणखी एक तोंड ठरतो. हा नियम किल्लारी आणि भूज या दोन ठिकाणी शिकला गेला.

अंदमानची गोष्ट वेगळी, कारण तिथे हॅम संकटाआधीच पोचले होते. त्या बेटांवर सुरक्षेच्या कारणाने हौशी रेडिओला कित्येक वर्षे बंदी होती. २००४ च्या डिसेंबरात दिल्लीच्या भारती प्रसाद खास परवानगी मिळवून पोर्ट ब्लेअरला केंद्र चालवत होत्या. जगभरचे हॅम त्या दुर्मिळ ‘व्हीयू४’ खुणेशी एक संपर्क व्हावा म्हणून रात्री जागत होते. २६ डिसेंबरला सकाळी भूकंप झाला, मागून त्सुनामी आली, बेटांचा मुख्य भूमीशी संपर्क तुटला. हौसेसाठी लावलेली अँटेना त्याच दिवसापासून बेटांचा आवाज झाली. काही आठवड्यांपूर्वीपर्यंत सुरक्षेला धोका मानलेल्या यंत्रावरून प्रशासनाचे निरोप जाऊ लागले. या सेवेचा सरकारशी असलेला सगळा संबंध समजून घ्यायचा असेल तर मी हीच घटना सांगेन.

त्यानंतर सरकारचा हात थोडा सैल झाला असे म्हणायला जागा आहे. ५ मे २००५ रोजी इस्रोने पीएसएलव्ही-सी६ मधून हॅमसॅट हा साडेबेचाळीस किलोचा उपग्रह खास हौशी रेडिओसाठी सोडला. त्यात एक प्रेषानुवर्तक (ट्रान्सपाँडर) भारतीय होता, एक नेदरलँड्सच्या हॅमने बनवलेला. तो २०१४ पर्यंत जगभरच्या हॅमनी वापरला. मराठी वाचकाला अधिक आपलासा वाटावा असा दुसरा उपग्रह म्हणजे ‘स्वयम्’. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या (सीओईपी) विद्यार्थ्यांनी तो बांधला. वजन किलोभरही नव्हते. २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ ने तो वर नेला. एका ठिकाणाहून संदेश घ्यायचा, पोटात साठवायचा आणि दुसऱ्या ठिकाणावरून जाताना खाली सोडायचा, हे त्याचे काम, आणि तेही हौशी पट्टीवर. सीओईपीच्या मुलांची एकामागून एक तुकडी शिकून बाहेर पडत गेली, पुढची तुकडी काम उचलत गेली आणि आठेक वर्षांनी उपग्रह उडाला. संस्था म्हणतात ती हीच.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगेच्या पुरात, २०२१ च्या जुलैत कोकणातल्या पुरात हॅम स्वयंसेवक उतरले. तोवर प्रश्न बदलला होता. मोबाइल गावोगाव पोचला होता आणि ‘आता हॅमची गरज काय?’ असे बैठकीत कोणीतरी विचारत होते. त्याचे उत्तर टॉवरपाशी आहे. टॉवरला वीज लागते. वीज गेली की बॅटरी काही तास, मग डिझेल. पूल पाण्याखाली गेला की डिझेलही जात नाही आणि पुलाला बांधून नेलेली फायबरची केबलही तुटते. शिवाय टॉवर उभा असला तरी एकाच वेळी सगळे फोन लावायला धावतात. आषाढीच्या आदल्या रात्री पंढरपुरात वाळवंटाजवळ उभे राहून फोन लावून पाहिलेल्या कोणाही वारकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

आतली दुखणी

गौरवपर लेखात हा भाग लिहीत नाहीत, पण स्मरणिका घरातल्यांसाठीही असते. परवानेधारकांची संख्या कागदावर हजारांत आहे. रोज हवेवर येणारे त्यातले थोडे. अनेकांनी परवाना भिंतीवर लावला आणि संच विकला. क्लब फुटतात, एका शहरात दोन होतात आणि दोन्ही एकमेकांच्या सरावाला जात नाहीत. मोठ्या आपत्तीत आपल्या शहराचे नाव पुढे यावे म्हणून न बोलावता धावणारे असतात. नियंत्रण कक्षात एकाच टेबलावर तीन क्लबचे तीन फलक लागल्याचे दृश्य सुखद नसते. स्त्रियांची संख्या अजून फार कमी आहे, भारती प्रसाद यांचे उदाहरण डोळ्यांपुढे असूनही. आणि महागड्या तयार संचांमुळे पक्कड-सोल्डर हातात धरण्याची सवय सुटत चालली आहे. याला एक सुखद अपवाद हैदराबादचे अशहर फरहान. त्यांनी २००३ च्या सुमारास ‘बिटएक्स’ या साध्या संचाचा आराखडा सर्वांसाठी खुला केला. बाजारात कुठेही मिळणाऱ्या भागांतून तो बांधता येतो आणि जगभर हजारो हॅमनी बांधला आहे. कॉलेजातल्या मुलाने तयार संच घेण्याआधी एक बिटएक्स बांधावा, असे माझे स्पष्ट मत आहे. बंद पडला तर त्याला कुठे हात घालायचा हे कळेल.

कुंभारीहून

आमच्या भागाला भूकंपाची आठवण आहे आणि पुराची सवय आहे. सीना सोलापूरच्या पश्चिमेने खाली येते आणि दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग-कुडलला भीमेला मिळते. उजनीचा विसर्ग आणि सीनेचे पाणी एकदम आले की या संगमाच्या वरची गावे दोन्हीकडून कोंडली जातात. २०२० च्या ऑक्टोबरात पाहिले. २०२५ च्या सप्टेंबरात तर सीनेने करमाळ्यापासून दक्षिण सोलापूरपर्यंत काठची गावे पाण्यात घातली आणि लांबोटीपाशी पुण्याचा महामार्ग बंद पाडला.

कुंभारीचे गाव म्हणून रूपही गेल्या वीस वर्षांत बदलले आहे. विडी कामगार महिलांची गोदूताई परुळेकर वसाहत दहा हजार घरांची. तिच्या पाठोपाठ रे नगर, तीस हजार घरांचा प्रकल्प, त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ रोजी दिल्या गेल्या. एवढी माणसे एका माळावर, बहुतेक घरांत दिवसाच्या मजुरीवर चूल. वीज गेली, टॉवर बंद पडला, तर जवळच्या रुग्णालयाला आणि सोलापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयाला निरोप द्यायला आज मोटारसायकल हेच साधन. अंतर फार नाही. कुंभारीतल्या गच्चीवरून बऱ्या अँटेनाचा व्हीएचएफ संच सोलापूरशी आरामात बोलेल. मुंबई-पुण्यासाठी चाळीस मीटरची तार दोन घरांच्या मध्ये ताणता येते, तिला परवानगी शेजाऱ्याची लागते आणि कपडे वाळत घालणाऱ्या काकूंची.

खर्चाची गोष्ट निघाली की लोक परदेशी संचांची किंमत ऐकून मागे सरतात. म्हणून क्रम उलटा सांगतो. आधी ऐका. शॉर्टवेव्हचा साधा रेडिओ, जो एसएसबी (हॅम ज्या पद्धतीने बोलतात ती) पकडतो, तो ऐकायला परवाना लागत नाही. रविवारी सकाळी सात मेगाहर्ट्झवर देशभरच्या हॅमची हजेरी ऐकू येते. कोणाचा आवाज कधी चढतो, कधी बुडतो, हे महिनाभर वहीत लिहा. मग अभ्यास.

जिल्हा प्रशासनाकडे मागणे एकच आहे आणि त्यात पैसा फारसा नाही. मे महिन्यात मान्सूनपूर्व आढावा बैठक होते. तिथे हॅमच्या नावापुढे दूरध्वनी क्रमांकाऐवजी कॉलसाइन, वारंवारता आणि वेळ लिहावी. नियंत्रण कक्षाच्या गच्चीवर एक डायपोल आणि एक व्हीएचएफ अँटेना कायमची बांधून, केबल खाली टेबलापर्यंत आणून ठेवावी, म्हणजे येणाऱ्याने नुसता संच जोडायचा. आणि आठवड्यातून एकदा, आपत्ती नसताना, त्या टेबलावरून तालुक्यांना हाक मारून पाहावी. उत्तर आले नाही तर का आले नाही हे पुढच्या आठवड्यापर्यंत शोधता येते.

परीक्षा केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची वायरलेस शाखा घेते आणि अर्ज आता सरल संचार पोर्टलवर भरता येतो. वयाची किमान अट बारा वर्षे. विषय दोन : विजेचे आणि रेडिओचे मूलतत्त्व, आणि सेवेचे नियम. जनरल श्रेणीला मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स घेता-देता यावे लागते. ज्याला ते जमत नाही त्याने रिस्ट्रिक्टेड श्रेणीपासून सुरुवात करावी. शक्तीची मर्यादा कमी आहे, पण कुंभारीहून सोलापूरला, आणि दिवस बरा असेल तर मुंबईलाही, ती पुरते.